नऊ दिवसांचा मांसाहारी

जामखेडच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असतं, आणि वक्ता ऐनवेळी आला नाही की शामकांत मुळे सर उभे राहतात. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. कुठल्याही विषयावर पाऊण तास बोलायची त्यांची तयारी कायमच असायची. आषाढातल्या त्या शनिवारी बीडहून येणारे वक्ते आलेच नाहीत. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘शाकाहार : निरामय आयुष्याची गुरुकिल्ली’, हातावरचा खडू झटकला आणि सुरुवात केली.

व्याख्यान रंगलं. वाघाचं आतडं किती लांब, माणसाचं किती, हत्तीएवढं बलदंड जनावर काय खातं, हे सगळं झालं. मटणानं रक्तवाहिनीत चरबी कशी साचते हे दाखवायला सरांनी फळ्यावर नळाचा पाइप काढला आणि त्यात गाळ भरला. शेवटी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं, पण ते आपलं रीत म्हणून. उत्तराची अपेक्षा त्यांनी वर्गातही कधी केली नव्हती.

मागच्या रांगेतून गहिनीनाथ सानप उठले. हे सरांचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये फक्त कमरेएवढी भिंत. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. आवाज असा, की इंजिन चालू असतानाही शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावा.

“सर, सगळं पटलं. फकस्त एक सांगा. म्या बुधवारी मटन खातो, आइतवारी मटन खातो, तरी माजी शुगर नॉर्मल. तुमी जन्मात अंड्याला हात लावला न्हाई, तरी तुमाला शुगरच्या दोन-दोन गोळ्या. ही भानगड काय हाय?”

सभागृहात अशी काही हसण्याची लाट उसळली की कोपऱ्यात पेंगणारे दोघेतिघे दचकून जागे झाले.

“तो आनुवंशिकतेचा भाग आहे,” सर म्हणाले.

“मंजी चांगलं निघालं तर भाजीमुळं, आन् वाईट निघालं तर वडिलांमुळं व्हय?”

आता मात्र लोक टाळ्या वाजवायला लागले. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर्गात असं कुणी बोललं असतं तर त्याला अंगठे धरून उभं करता आलं असतं. इथं सगळेच साठीच्या पुढचे. त्यांनी फळा पुसला, डस्टर खाली ठेवलं आणि जाहीर केलं, “ठीक आहे. प्रयोग करू. तीन महिने. मी आणि सानप. दोघांच्या खाण्याची रोजची नोंद, आधी आणि नंतर रक्ताची तपासणी. निकाल ह्याच जागी वाचला जाईल.”

“वाचा की,” सानप म्हणाले. “आपलं काय जातंय.”

दोघांचं रक्त काढलं ते डॉक्टर प्रणिताच्या दवाखान्यात. प्रणिता सरांचीच विद्यार्थिनी. तिनं दोघांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, दंडाला पट्टा बांधला आणि सुई टोचता टोचता म्हणाली, “सर, दोन माणसांवरून आहाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. हजारो माणसं घ्यावी लागतात. हे तुम्हीच आम्हाला नववीत सांगितलं होतं.”

“नववीत मी प्रकाशाचं परावर्तन शिकवायचो.”

“त्याच तासाला सांगितलं होतं.”

सरांना ते आठवेना. अलीकडे बऱ्याच गोष्टी आठवत नसत, पण ते त्यांनी तिला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. सरांची साखर वाढलेली होती, ते जुनंच दुखणं. सानपांची साखर खरोखर चांगली. पण कोलेस्टेरॉल जास्त, आणि रक्तदाब एकशे छपन्न. दोघांनी आपापला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि एकमेकांचा कागद मोठ्या समाधानानं वाचला.

मग नोंदवही सुरू झाली. सरांनी दोनशे पानी वही आणून पट्टीनं रकाने आखले. सकाळ, दुपार, चार वाजता, रात्र, आणि शेवटी ‘मांसाहार’. सानपांनी मात्र लिहायला साफ नकार दिला. “एकतीस वर्षं लॉगशीट भरली सर. आता पेन हातात धरायचा न्हाई म्हंजी न्हाई.” त्यामुळे रोज सकाळी सात वाजता सर भिंतीपाशी वही घेऊन उभे राहायचे आणि सानपांच्या बायकोला, कडूबाईंना विचारायचे, “वहिनी, काल सानपांनी काय खाल्लं?” कडूबाई अंगण झाडता झाडता सांगायच्या. त्यांना ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. नवऱ्यानं काय खाल्लं हे लिहून घ्यायला शिकलेला माणूस रोज दारात येतो, असं त्यांच्या साठ वर्षांत कधी झालं नव्हतं.

पहिला आठवडा झकास गेला. रविवारी मटण, बुधवारी मटण. गुरुवारी आषाढी अमावास्या होती. गटारीला मटण नाही तर कधी, म्हणून मग तेव्हाही मटण. अमावास्येला पाहुणेही येऊन जेवून गेले. सरांनी ‘मांसाहार’ या रकान्यात तीन ठसठशीत फुल्या मारल्या. मनातल्या मनात त्यांना सानपांच्या रक्तवाहिनीतला गाळ चढताना दिसत होता.

नंतर ते रोज भिंतीपाशी जात राहिले आणि कडूबाई सांगत राहिल्या. दोडका आणि भाकरी. पिठलं आणि भाकरी. घेवडा, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तांदुळजाची भाजी. पुढच्या गुरुवारी सकाळी सरांनी पेन्सिलीला टोक करूनच विचारलं, कारण रविवार पिठल्यावर गेला असला तरी आदला दिवस बुधवारचा होता.

“मटकी,” कडूबाई म्हणाल्या.

“मटकी? बुधवारी?”

“सरावन लागला न्हाई का सर?”

सरांना श्रावण ठाऊक नव्हता असं नाही. कॅलेंडरवर एकादशी-चतुर्थीला निळी खूण करणारा माणूस तो. पण श्रावण जसा आपला असतो तसा सानपांचाही असतो, हे प्रयोग आखताना त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग हे मटण पुन्हा कधी?”

कडूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि बोटं मोजायला घेतली. “सरावन झाला की लगीच गणपती. ते बुडंस्तोर न्हाई. मग पितरपाट, त्यात आमच्या सासऱ्यांच्या तिथीला करत्यात. लगीच घट बसत्यात, मंजी दसऱ्यापतुर न्हाई.”

“आणि एरवी? वर्षभर?”

“एरवी काय, सोमवारी न्हाई. गुरवारी न्हाई, शनवारी तर न्हाईच न्हाई. एकादशी, चतुर्थी, मारगेसरात खंडोबाचे सहा दिवस. आइतवारी करते, पन आइतवारी चतुर्थी आली तर त्योबी गेला.”

सर घरात येऊन खुर्चीत बसले. वहीतल्या फुल्या पुन्हा मोजल्या. मग बायकोला म्हणाले, “नीलांबरी, हा माणूस मांसाहारी नाहीच आहे.”

नीलांबरीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या भाजी निवडत होत्या. “मग काय आहे?” त्यांनी विचारलं.

“मांसाहारी असल्याचा नुसता बोभाटा आहे. हा वर्षातले पावणेतीनशे दिवस आपल्यासारखंच खातो!”

“आपल्यासारखं नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्यापेक्षा साधं खातात ते. तुमचा रकाना वाचला का तुम्ही नीट?”

सरांचा रकाना हे एक वेगळंच प्रकरण होतं. सरांचा श्रावण म्हणजे सोमवारचा उपास, शनिवारचा उपास आणि दोन्ही एकादश्या. उपास म्हणजे तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर एक केळं, आणि ‘रात्री फार काही नको’ म्हणून राजगिऱ्याचे दोन लाडू. उपास नसलेल्या दिवशी कुणाच्या घरचा सत्यनारायणाचा शिरा, कुणाच्या मंगळागौरीची पुरणपोळी. सर हे सगळं वहीत ‘अल्पोपाहार’ या एकाच शब्दात बसवायचे. पण घरात जन्मभर वह्या तपासलेली बाई होती. संध्याकाळी वही उघडून ती लाल पेनानं समासात लिहायची : ‘खिचडी एक वाटी नव्हे, अडीच.’ ‘लाडू तीन. तिसरा ओट्याशी उभ्यानं खाल्ला.’ ‘पुरणपोळीवरचं तूप लिहायचं राहिलं की टाळलं?’

हा प्रयोग बायकोनं तपासण्यासाठी नाही, असं सरांनी एकदा तिला सुनावलं. “मग खरं लिहा,” ती म्हणाली आणि लाल पेनाचं टोपण लावलं.

श्रावणाचा तिसरा आठवडा आला तरी मांसाहाराच्या रकान्यात चौथी फुली पडेना. सर बेचैन झाले. एक बाजूच नसलेली तुलना संघापुढे वाचायची कशी? शेवटी एका सकाळी ते स्वतःच सानपांच्या ओसरीवर जाऊन बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं. चहा झाला.

“सानप,” सर घसा खाकरून म्हणाले, “तुम्ही एखादा दिवस तरी… म्हणजे मध्येच थोडंसं… घ्यायला हरकत नव्हती.”

“काय घ्यायला?”

“तेच. मटण.”

सानपांनी कप खाली ठेवला. कडूबाई दारातून बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत.

“सरावनात?” त्या म्हणाल्या. “सर, तुमी सांगताय आमाला? सरावनात मटन शिजवा म्हनून?”

“मी विज्ञानाच्या दृष्टीनं म्हणतोय.”

“इज्ञानाला सांगा, गणपती होऊ दे.”

सानपांना हसू आवरेना. संघाच्या फळ्यावर पाइप काढून मटणाला शिव्या घालणारा माणूस ऐन श्रावणात आपल्या ओसरीवर येऊन मटण खा म्हणून गळ घालतोय, हे त्यांनी त्या दिवशी भेटेल त्याला सांगितलं. दुपारपर्यंत ते बाजारतळावर पोचलं आणि संध्याकाळी नीलांबरीबाईंना किराणा दुकानात कळलं.  त्या दिवशीच्या पानावर समासात लाल अक्षरात नुसतं एक उद्गारचिन्ह होतं.

सर आणि सानप पहाटे खर्डा रस्त्यानं फिरायला जायचे. भांडण वहीतलं, चालणं मात्र जोडीनंच. भाद्रपदातल्या एका सकाळी परत येताना सानप अचानक थांबले आणि सरांना म्हणाले, “सर, जरा पुढं चला बरं. दहा पावलं.”

“कशाला?”

“चला तर.”

सर चालले. सानप मागून बघत राहिले, गाडीचा आवाज बदलला की खाली उतरून बघतात तसे.

“तुमचं डावं चाक लचकतंय,” ते म्हणाले. “महिना झाला बघतोय. आन् काल तुमी चपलेत पाय घालताना खाली बघत हुता. चप्पल सापडत नव्हती, व्हय ना? पायाला कळत न्हाई.”

सर ‘नवीन चप्पल आहे’ म्हणाले. मग ‘वय झालं’ म्हणाले. चालता चालता हळूहळू सगळं बाहेर आलं. तळव्यांना दोन-तीन महिने मुंग्या येत होत्या. कापसावर चालल्यासारखं वाटायचं. नावं आठवत नसत. परवा बाजारात जाऊन पिशवी रिकामीच परत आणली होती, आणि बाईंना सांगितलं होतं की भाजी चांगली नव्हती. रात्री अंथरुणात पडल्यावर त्यांना वडील आठवायचे. शेवटच्या काळात वडील त्यांना ओळखत नसत.

“कुनाला बोलला?”

“नाही.”

“का?”

 कारण असं होतं की प्रयोग चालू होता. पण एवढ्या मोठ्या भीतीपुढे एवढं लहान कारण सांगायची त्यांना लाज वाटली.

सानपांनी त्यांना घरी नेलंच नाही. तिथूनच रिक्षात घालून थेट दवाखान्यात नेलं. प्रणितानं सरांच्या पायाला काट्यासारखं काही टोचून पाहिलं, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं आणि सर डुलायला लागताच धरलं. तिनं रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला. बी-बारा जीवनसत्त्व दोनशेच्या वर असायला हवं, ते होतं शंभरसुद्धा नाही, अठ्ठ्याण्णव.

“हे वडिलांसारखं नाही, सर,” ती म्हणाली, कारण सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. “लवकर सापडलंय, सुधारेल. हे जीवनसत्त्व मटण-मासे-अंड्यांत असतं, दूध-दह्यातही असतं. तुम्ही साखर वाढली म्हणून दूध तोडलंत, आणि साखरेची जी गोळी वर्षानुवर्षं घेताय ती ह्याचं शोषण कमी करते. दोन्ही एकत्र आलं.”

“म्हणजे शाकाहारानं झालं?” सरांनी विचारलं. फाशीची शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे ते बसले होते.

“शाकाहारानं नाही, न बघता केलेल्या शाकाहारानं. वर्षाला एक तपासणी, लागली तर गोळी, एवढंच.” तिनं इंजेक्शन भरायला घेतलं.

सरांनी सदऱ्याची बाही वर केली आणि मग झटकन खाली ओढली. “हे कशापासून बनवतात?”

सानपांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

“जिवाणूंपासून,” प्रणिता म्हणाली. “टाकीत वाढवतात. बोकड नाही, कोंबडी नाही.”

“जिवाणू वनस्पतीत मोडतात की…”

“सर, बाही वर करा.”

इंजेक्शनं चालू झाली. नीलांबरीबाईंनी रोज रात्री एक कप दूध समोर ठेवायला सुरुवात केली आणि साबुदाणा डब्यासकट वरच्या फळीवर नेला. महिन्याभरात मुंग्या कमी झाल्या. ह्या सगळ्याचा सानपांनी गावात चकार शब्द काढला नाही. मटणाची गोष्ट बाजारतळावर नेणारा माणूस हीही गोष्ट नेऊ शकला असता. सरांना त्याचंच आश्चर्य वाटत राहिलं. एकदा त्यांनी विचारलं तर सानप म्हणाले, “ती चेष्टा हुती. ही काय चेष्टाय व्हय?”

पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मिळून दोन फुल्या पडल्या. दसऱ्यानंतर बुधवार-रविवार धरून आणखी चार. ऑक्टोबरात तीन महिने भरले. सरांनी बेरीज केली : ब्याण्णव दिवसांत सानपांचा मांसाहार नऊ दिवस.

शेवटचं रक्त द्यायचं होतं त्या सकाळी कडूबाईही आल्या. त्यांना बाजारात जायचं होतं. म्हणाल्या, वाटेतच हाय. प्रणितानं दोघांचं रक्त काढलं आणि बाकावर बसलेल्या कडूबाईंकडे तिची नजर गेली. ती उठून जवळ गेली.

“मावशी, वर बघा बरं.” तिनं खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली. “दम लागतो का?”

“जिना चढले तर लागतो. तेवढा लागनारच.”

“चक्कर?”

“उन्हात गेलं तर.”

“ह्यांचंही रक्त घेऊ,” प्रणिता म्हणाली. कडूबाई नको नको म्हणत होत्या. पैज त्यांच्यात हाय, माझं कशाला. पण डॉक्टरनं घेतलं.

संध्याकाळी सर दवाखान्यात रिपोर्ट आणायला गेले. सरांची साखर जराशी उतरली होती. सानपांचं कोलेस्टेरॉल थोडं खाली आलं होतं, पण रक्तदाब होता तिथंच. प्रणिता म्हणाली, ते पापड-लोणच्याचं आणि रोजच्या ठेच्यातल्या मिठाचं काम असावं, मटणाला सगळा दोष देऊ नका. आणि तिसऱ्या कागदावर कडूबाईंचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन. बाराच्या आसपास हवं ते.

“पण त्या तर…” सर म्हणाले, “त्यांच्या घरी मटण शिजतं.”

“शिजतं,” प्रणिता म्हणाली. “त्या काय खातात?”

सरांनी सवयीनं वही उघडली. ब्याण्णव पानं चाळली. दोडका, पिठलं, मटकी, मटण दोन वाट्या. सगळं कडूबाईंच्याच तोंडून ऐकून लिहिलेलं, आणि कडूबाईंनी काय खाल्लं ह्याची एक ओळ कुठे नव्हती. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी भिंतीवरूनच विचारलं. सानपही ओसरीवर होते.

“वहिनी, मटण करता त्या दिवशी तुम्ही काय जेवता?”

“तेच की.”

“किती?”

“आता काय सांगू. हे जेवत्यात, पोरं आली तर पोरं जेवत्यात, पाव्हनं असत्यात. मागून मी रस्सा घेते. रस्सा चांगला असतो.”

“फोडी?” सानपांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा शेवटच्या सीटपर्यंत गेला नाही. “फोडी न्हाई घेत तू?”

“राहिली तर घेते.”

“राहती का?”

कडूबाई हसल्या. “तुमी जेवल्यावर?”

त्या रात्री जेवताना सरांनी नीलांबरीबाईंना विचारलं, “तुझं हिमोग्लोबिन किती असतं?”

“साडेबारा. मार्चमध्ये तपासलं होतं.”

“कसं काय?”

“शाळेत होते ना. साडेअकराला डबा उघडायचाच, घंटाच व्हायची. तीस वर्षं पोटभर जेवले मी, तुम्ही घरी नसताना.” त्यांनी ताटात भाकरी वाढून घेतली. “ती सवय मोडली नाही.”

संघात निकाल वाचायच्या आदल्या दिवशी सर कडूबाईंकडे गेले. आपला सगळा आकडा आपण वाचणार आहोत, बी-बारासुद्धा, असं सांगितलं. आणि विचारलं, “तुमचा वाचू का? नको असेल तर नाही वाचणार.”

कडूबाईंनी जरा विचार केला. “वाचा. पन नाव नगा घेऊ.”

“मग काय म्हणू?”

“म्हना, सैपाक करनारी.”

त्या शनिवारी सभागृह भरलं होतं. मटणाची गोष्ट बाजारतळावर गेल्याचा तेवढा फायदा झाला होता. सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. कागद वाचला. पहिल्या दिवसापासूनचे दोघांचे आकडे वाचले. मांसाहारी गृहस्थ ब्याण्णवपैकी त्र्याऐंशी दिवस शाकाहारी होते आणि शाकाहारी गृहस्थ उपासाच्या नावाखाली काय काय खात होते, तेही वाचलं, समासातल्या लाल अक्षरांसकट. तिसऱ्या लाडवापाशी हशा पिकला. बी-बाराचा अठ्ठ्याण्णवचा आकडा आणि तळव्यांना येणाऱ्या मुंग्या, तेही वाचलं. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी आपापल्या तळपायांकडे पाहिलं.

“ह्या प्रयोगातून शाकाहार बरा की मांसाहार, हे सिद्ध झालेलं नाही,” सर म्हणाले. “होणारही नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण प्रयोगात आम्ही न घेतलेली एक तिसरी व्यक्ती होती. दोघांपैकी एकाच्या घरात स्वयंपाक करणारी. तिचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन निघालं. ती सर्वांत शेवटी जेवते. आमच्या वहीत ताटाची नोंद होती. ताटावर बसायच्या क्रमाची नव्हती. ही चूक माझी.”

ते खाली बसले. शंका विचारायला त्या दिवशी कुणी उठलं नाही. पण बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली ती चहा संपेपर्यंत थांबली नाही, आणि सोमवारी प्रणिताच्या दवाखान्यात नेहमीपेक्षा जास्त बायका आल्या. बरोबर पुरुषही होते, पण ते मुंग्यांसाठी.

प्रणितानं कडूबाईंच्या आणखी तपासण्या केल्या. रक्त कुठे आतून जात नाही ना, ते पाहिलं. तसं काही निघालं नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या आणि मागेपुढे तासभर चहा प्यायचा नाही. कडूबाईंना मटणापेक्षा चहा सोडणं जड गेलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दुपारी सर भिंतीपाशी वाळत घातलेले कपडे काढत होते. सानपांच्या ओसरीवर कडूबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट होतं, आणि ते सानपांनी वाढलेलं आहे हे लांबूनही कळत होतं, कारण भाकरी रश्शात बुडाली होती आणि लिंबू ताटाबाहेर पडलं होतं. फोडी मात्र ताटभर होत्या. सानप स्वतः उपाशीच समोर खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

“सर,” त्यांनी हाक मारली, “भाकरी आदी वाढायची का रस्सा?”

“रस्सा वाटीत द्यावा,” सर म्हणाले. “भाकरी वेगळी.”

“तुम्हाला काय माहीत?” घरातून नीलांबरीबाईंचा आवाज आला.

सर पुन्हा कपडे काढायला लागले. कडूबाईंनी एक घास घेतला. सानप बघत होते. दुसरा घास घेतला. सानप अजून बघत होते.

“आता तिकडं बगा की,” कडूबाई म्हणाल्या. “असं समोर बसून बगायला लागल्यावर घास कसा उतरंल माणसाच्या गळ्याखाली?”

सानपांनी खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. आता ते सरांकडे बघत बसले.